नर्सरीत पोरं नुसती खेळतात, मग शिकतात कधी?

जून लागला की आमच्या जळगाव-धुळ्याकडे दोन गोष्टींची घाई असते, एक कपाशीच्या बियाण्याची आणि दुसरी पोरांच्या ॲडमिशनची. गल्लोगल्ली प्ले स्कूलचे बोर्ड लागतात, कार्टूनची चित्रं, रंगीत गेट, आणि आत साडेतीन वर्षाचं पोर पाण्याची बाटली गळ्यात अडकवून. दुपारी ते घरी येतं, आजी विचारते काय रे, बाईंनी काय शिकवलं आज, तर म्हणतं "खेळलो". दुसऱ्या दिवशी पण खेळलो. आठवडाभर खेळलोच. मग बाप दप्तर उघडून बघतो तर वही कोरी, आणि लगेच शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज, मॅडम फी तर वर्षाची घेतली, ए बी सी डी कधी चालू करणार?

हा मेसेज दरवर्षी येतो, माणसं बदलतात फक्त. आणि विचारणाऱ्याची चूक नाहीच, कारण त्या "खेळलो"च्या आत काय काय चाललेलं असतं हे त्याला कोणी सांगतच नाही. शाळावाले पण नाही सांगत, ते सरळ वही भरून देतात, म्हणजे कटकट नको. म्हणून म्हटलं जरा नीट उलगडून लिहू.

आधी नावांचा गोंधळ काढून टाकू. बालवाडी, अंगणवाडी, शिशुवर्ग, नर्सरी, ज्युनियर केजी, सिनियर केजी, बोर्ड काही पण असो, पोर तेच असतं, तीन ते सहा वर्षाचं. पूर्वी सरकारी हिशोबात शिक्षण पहिलीपासून मोजायचे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ते बदललं, आता ३ ते ८ वर्ष हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून. या टप्प्याचा अभ्यासक्रम आराखडा २०२२ मधे आला, त्यात तर साफच म्हटलंय की या वयात शिकवायचं ते खेळातून. त्याच धोरणात असंही लिहिलंय की मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षाच्या आत होते. आता गंमत बघा, हा ८५ चा आकडा ऐकला की लोकं नेमकं उलटं करतात, म्हणतात मग तर आत्ताच सगळं कोंबून घेऊ, पाढे, स्पेलिंग, जनरल नॉलेज, सगळं.

पण मेंदूची वाढ म्हणजे काही गोदाम भरणं नाही ना. लहानपणी मेंदू पेशींमधली जोडणी गरजेपेक्षा कितीतरी जास्त करून ठेवतो, मग ज्या जोडण्या रोज वापरात येतात त्या पक्क्या होतात आणि ज्यांना काम मिळत नाही त्या गळून जातात. आपण बाजरी दाट पेरून नंतर विरळणी करतो तसंच समजा, फरक एवढाच की कोणतं रोप ठेवायचं हे इथे पोराचा रोजचा दिवस ठरवतो. त्याच्याशी कोणी बोललं का, त्याने हाताने काही उलटंपालटं करून बघितलं का, पडलं-लागलं-रडलं तेव्हा कोणी जवळ घेतलं का, यावर ते ठरतं. चांगल्या बालवाडीत हे सगळं ठरवून, रोज, तीन-चार तास मिळतं. बाईंचं खरं काम ते आहे.

सगळ्यात मोठी गोष्ट बोलणं. घरी आपण लहान पोरांशी बोलतो खूप, पण नीट ऐकलं तर त्यात हुकूमच जास्त असतात. आठे ये (इकडे ये), हात धू, गप बस, मोबाईल ठेव. यात पोराला उत्तर द्यावं लागत नाही, नुसतं करावं लागतं. बालवाडीत चांगली बाई डबा उघडला की विचारते, काय आणलं? भाजी. कशाची? वांग्याची. कोणी केली? माय नी. काल पण वांगीच होती का? नाही, काल कळण्याची भाकर आणि ठेचा. तिखट लागला का मग? आता हे दोन मिनिटांचं बोलणं, पण त्यात पोराने कालची गोष्ट आज आठवून सांगितली, जी वस्तू समोर नाही तिच्याबद्दल बोललं, आणि बोलण्यात आपला नंबर कधी येतो हे पण ओळखलं. समोर नसलेल्या गोष्टीबद्दल शब्दांनीच समजून घेणं, हेच पुढे पुस्तक वाचताना करायचं असतं. पुस्तकातला हत्ती वर्गात थोडीच येतो.

गोष्टीचं पण तसंच. आई-बाप म्हणतात बाई तीच ती गोष्ट सांगतात, ससा आणि कासव, महिनाभर. अहो सांगू द्या. पहिल्यांदा पोर फक्त ऐकतं, तिसऱ्यांदा पुढे काय होणार ते आधीच ओरडून सांगतं, पाचव्यांदा स्वतः सांगायला लागतं, आणि मग एक दिवस त्यातला ससा बदलून मांजर करतं. त्या टप्प्यापर्यंत जायला तीच गोष्ट लागते.

आणि कान. अक्षर ओळखायच्या आधी अक्षराचा आवाज कानाला वेगळा काढता यायला पाहिजे. कापूस, काकडी, कावळा, या सगळ्यांची सुरुवात सारखीच आहे हे ज्या पोराच्या कानाला कळलं त्याला "का" लिहिलेला दाखवला की तो पटकन बसतो. ज्याच्या कानाला कळलंच नाही त्याच्यासाठी तो एक आकार असतो, पाठ करायचा आणि विसरायचा. म्हणून बालवाडीत शब्दाच्या तुकड्यागणिक टाळ्या वाजवतात, के-ळी दोन टाळ्या, शेंग-दा-णा तीन टाळ्या. आपली लिपी बरीचशी अशा टाळीच्या मापाच्या तुकड्यांवरच चालते, त्यामुळे मराठी वाचायला हा खेळ फार उपयोगी. यमक जुळणारी गाणी, बडबडगीतं, भुलाबाईची गाणी घरात म्हटली जायची ती सुद्धा हेच काम करत होती, कोणी त्याला अभ्यास म्हटलं नाही एवढंच.

आता बोलण्याचा विषय निघालाच आहे तर आपल्या खान्देशची खरी अडचण सांगतो. घरी अहिरानी, रावेर-यावलकडे लेवा बोली, नवापूरला मावची, धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी नाहीतर भिली, आणि शाळेत गेलं की मराठी, त्यातही प्रमाण मराठी, आणि प्ले स्कूलमधे गेलं तर डायरेक्ट इंग्लिश. घरी दिवसभर पटपट बोलणारं पोर वर्गात मुकं होऊन बसतं. मॅडम सांगतात थोडा स्लो आहे. तो काही स्लो नसतो, त्याला विचारलेलंच कळलेलं नसतं, आणि कळलं तरी जे सांगायचं ते "मन्हं" (म्हणजे माझं) ने सुरू होतं आणि मागच्या वेळी त्यावर वर्ग हसला होता.

यात समजून घ्यायची गोष्ट ही की समज एकदा तयार झाली की ती दुसऱ्या भाषेत परत पहिल्यापासून तयार करावी लागत नाही. मोठं-लहान, वर-खाली, आधी-नंतर, पाच म्हणजे किती, हे पोराला अहिरानीत पक्कं कळलं असेल तर मराठीत आणि इंग्लिशमधे फक्त नवीन शब्द चिकटवायचे. पण ज्या भाषेत ते विचारच करत नाही त्या भाषेत विचार पण शिकवायचा आणि शब्द पण, असं केलं की दोन्ही कच्चं राहतं. धोरणात पण हेच म्हटलंय, जमेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा. माझ्या मते तर सातपुड्यातल्या पाड्यावरची अंगणवाडी सेविका, जी त्याच पाड्याची आहे आणि पोरांशी पावरीत बोलते, ती या एका बाबतीत शहरातल्या चकाचक नर्सरीच्या पुढे आहे. इंग्लिश गाणी ऐकवा, खुशाल ऐकवा, कानावर पडलेलं वाया जात नाही. पण पोर रडत असताना त्याला इंग्लिशमधून समजावू नका हो.

गणिताचं सांगतो. "आमचा बंटी शंभरपर्यंत म्हणतो" हे ऐकलं की समोर पाच शेंगदाणे ठेवा आणि म्हणा मोज. बरेचदा बोट एकीकडे आणि तोंड दुसरीकडे पळतं, पाच दाण्यांचे सात होतात. आणि नीट मोजले तरी लगेच विचारा किती आहेत, तर परत एक पासून मोजायला लागतो. म्हणजे आकडे पाठ आहेत पण शेवटचा आकडा म्हणजे सगळे मिळून तेवढे, हे अजून बसलेलं नाही. ते बसायला वाटप करावं लागतं, प्रत्येकाला एक ताटली, प्रत्येक ताटलीत एक केळं, एक कमी पडलं, आता कोणाला नाही मिळालं? बालवाडीत खाऊ वाटायचं काम पोरांकडे देतात ते यासाठी, बाईंना कंटाळा आला म्हणून नाही.

झाँ पियाजे नावाचा स्विस मानसशास्त्रज्ञ होता, त्याचा एक प्रयोग घरी करून बघण्यासारखा आहे. दोन ओळीत सारखीच नाणी समोरासमोर लावा, चार वर्षाच्या पोराला विचारा, तो म्हणेल सारखी. आता त्याच्या डोळ्यासमोरच एका ओळीतली नाणी लांब लांब सरकवा. आता? म्हणेल या ओळीत जास्त. एक पण नाणं टाकलेलं नाही, त्याने बघितलंय, तरी जास्त. त्याला ओरडून काही उपयोग नाही, डोळ्याला जे लांब दिसतं ते त्याच्यासाठी जास्तच असतं. हळूहळू, बऱ्याच पोरांमधे सहा-सात वर्षापर्यंत, ते बदलतं, आणि त्यासाठी दाणे, खडे, बिया, बाटलीची झाकणं हातात खूप वेळा यायला लागतात. ज्या पोराला अजून हे कळत नाही त्याच्याकडून वहीत बेरजा करून घेणं म्हणजे नुसतं आकड्यांची चित्रं काढून घेणं.

लिहायचं तर विचारूच नका. खरं सांगू का, तीन वर्षाच्या हातात पेन्सिल देऊन रेघेत "अ" काढायला लावणारी शाळा बघितली की मला राग येतो. मनगटात आठ छोटी हाडं असतात, जन्माच्या वेळी ती सगळी मऊ कूर्चा असते, हाड व्हायला एकेक करत वर्षं लागतात, शेवटचं तर दहा-बारा वर्षाच्या आसपास. त्यात बोटांचे बारीक स्नायू कच्चे. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, मग बोटं, असा ताबा येत जातो, म्हणून लहान पोर भिंतीवर मोठमोठे गोल काढतं आणि तुम्ही त्याला मारता. बालवाडीत माती मळणं, कागद फाडणं, मणी ओवणं, शेंगा सोलणं, पोळ्याला मातीचे बैल करणं, ही सगळी लिहायचीच तयारी आहे. बैलाचं शिंग चिमटीत धरून वळवता आलं की पेन्सिल धरता येणारच. फिनलंडमधे शाळा सातव्या वर्षी चालू होते, त्याआधी खेळच जास्त, आणि तिथली लोकं काही अडाणी राहिली नाहीत.

तळ्यात-मळ्यात सगळ्यांना माहितीय. बाई पटपट तळ्यात मळ्यात म्हणतात आणि मधेच दोनदा मळ्यात म्हणतात, ज्याचा पाय उचलला गेला तो आऊट. आता पोराच्या डोक्यात काय चाललं बघा, ऐकायचं, नियम ध्यानात ठेवायचा, आणि पाय उचलायला निघालेला असताना तो थांबवायचा. हे थांबवणं फार अवघड काम आहे. शिवाजी म्हणतो मधे पण तेच, शिवाजी म्हटलं तरच करायचं, नाहीतर नाही. स्वतःला थांबवणं, आपला नंबर येईपर्यंत धरून राहणं, एका कामावरून दुसऱ्या कामावर वळणं, या गोष्टी पहिलीत गेल्यावर अक्षरांपेक्षा जास्त लागतात, कारण तिथे चाळीस पोरात एक गुरुजी असतात आणि ज्याला दोन मिनिटं बसून ऐकता येत नाही त्याच्यापर्यंत ते काय शिकवतात ते पोहोचतच नाही. छडी मारून बसवलेलं पोर छडी गेली की उठतं. खेळात थांबायला शिकलेलं पोर स्वतःहून थांबतं, कारण त्याला खेळात राहायचं असतं.

भातुकलीकडे तर अजिबात दुर्लक्ष करू नका. पोर पळसाचं पान घेऊन म्हणतं ही भाकर. त्याला माहितीय ती भाकर नाही. तरी एका वस्तूने दुसऱ्या वस्तूचं नाव घ्यायचं हे त्याने ठरवलं आणि समोरच्या पोरीने मान्य केलं. अक्षर म्हणजे तरी वेगळं काय असतं, कागदावरची एक रेघ आणि सगळ्यांनी मिळून मान्य केलेलं की हिला "क" म्हणायचं. वर भातुकलीत भांडणं होतात, मीच आई, नाही मीच आई, मग तू काल झाली होती, मग वाटाघाटी. या वाटाघाटी मोठ्यांनी मधे न पडता झाल्या पाहिजेत, रक्त निघेपर्यंत मधे पडू नये असं नाही म्हणत मी, पण थोडं थांबावं.

पहिल्या दिवसांत रडण्याबद्दल थोडक्यात. तीन वर्षाच्या पोराला गेलेली आई परत येते हे अनुभवानेच कळतं, सांगून नाही. म्हणून पहिले काही दिवस कमी वेळ बसवा, जाताना सांगून जा, मागच्या दाराने पळून जाऊ नका, आणि घ्यायला ठरल्या वेळीच जा. पळून गेलेल्या आईचं पोर दुसऱ्या दिवशी गेटवरच घट्ट धरून बसतं.

आता पैशाचा विषय, कारण हे सगळं वाचून कोणाला वाटेल की हे फीवाल्या शाळांचं चाललंय. उलट आहे. तारा‌बाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून आल्या, आणि १९४५ मधे बोर्डीला खेड्यातल्या पोरांसाठी काम चालू केलं, सोबत अनुताई वाघ. पुढे दोघी डहाणूकडे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, तिथे आदिवासी पोरं बालवाडीत येईनात, तर यांनी बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं चारणाऱ्या थोड्या मोठ्या पोरांसाठी कुरणात शाळा. महागडी साधनं नव्हती, शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या, जे तिथे मिळेल ते. नंतर २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना चालू झाली, आज गावागावात जी अंगणवाडी दिसते ती त्यातली.

अंगणवाडीला आपल्याकडे लोकं खिचडीची शाळा म्हणतात, चेष्टेने. पण उपाशी पोराचं लक्ष लागत नाही हे सांगायला शास्त्रज्ञ नको. तिथे गरम आहार मिळतो, महिन्याला वजन-उंची होते, लस होते, आदिवासी भागात अंडं किंवा केळी पण मिळते. रक्त कमी असलेलं पोर सुस्त दिसतं, खेळत नाही, आणि खेळलं नाही की वर सांगितलेलं काहीच होत नाही, एवढा तो सरळ संबंध आहे. हो, सगळ्याच अंगणवाड्या चांगल्या चालतात असं मी म्हणणार नाही, सेविकेवर रजिस्टर, मोबाईल ॲप, सर्वे, इलेक्शनची कामं इतकी टाकलेली असतात की पोरांसाठी वेळ उरला तर नवल. तो दोष तिचा नाही.

याचा फायदा खरंच होतो का, असं कोणी विचारलं तर अमेरिकेतलं एक उदाहरण नेहमी देतात. मिशिगन राज्यातल्या यिप्सिलँटी गावात १९६२ पासून पेरी प्रीस्कूल नावाचा प्रयोग झाला. गरीब कृष्णवर्णीय घरातली १२३ पोरं, त्यातली ५८ बालवाडीत घेतली, बाकीची नाही, आणि मग दोन्ही गटांवर चाळिशीपर्यंत लक्ष ठेवलं. सुरुवातीला बालवाडीवाल्यांचा बुद्ध्यांक वाढला, पण काही वर्षांत तो फरक पुसला गेला, म्हणजे मार्कांच्या भाषेत बोलायचं तर प्रयोग फेल. पण मोठेपणी बघितलं तर त्यांच्यात हायस्कूल पूर्ण केलेले जास्त, कमाई जास्त, पोलिसांनी पकडलेले कमी. म्हणजे जे टिकलं ते परीक्षेत न दिसणारं होतं, धरून बसणं, लोकांशी जमवून घेणं, काम पूर्ण करणं. यातली एक गोष्ट लोकं सांगायची विसरतात, त्या शाळेच्या शिक्षिका दर आठवड्याला पोराच्या घरी जाऊन आईसोबत बसायच्या. आणि प्रयोग लहान होता, शाळा फार चांगली होती, त्यामुळे बोर्ड लावला म्हणजे तोच फायदा मिळेल असं कोणी समजू नये.

मग शाळा बघायला गेलात तर एसी आणि सीसीटीव्ही नंतर बघा. आधी बघा एका बाईमागे पोरं किती, सरकारचं २०१३ चं धोरण तीन ते सहा वयासाठी वीस पोरांमागे एक मोठं माणूस म्हणतं. खेळणी कपाटात कुलूपबंद आहेत की पोरांच्या हाताला येतील अशी खाली मांडलीत. भिंतीवरची चित्रं पोरांनी काढलेली आहेत का, सगळी एकसारखी सुबक असतील तर ती बाईंनी काढलीत. बाई पोरांशी बोलताना खाली बसतात का. वर्गात आवाज आहे का, चार वर्षाच्या वीस पोरांचा वर्ग एकदम शांत असेल तर मला तरी काळजी वाटते. आणि मोकळी जागा, एवढीशी का असेना, जिथे माती आहे.

शेवटचं त्यांच्यासाठी, जे दिवाळीनंतर ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर गुजरातकडे जातात, शहादा-नवापूर-धडगावकडून तर घरंच्या घरं जातात, सोबत पोरं पण. तीन-चार महिने बालवाडी सुटली की बसलेली सवय मोडते, परत आल्यावर पहिल्या दिवसासारखं रडणं असतं. जमत असेल तर पोराला आजीजवळ गावात ठेवा, अंगणवाडी चालू राहील. नसेल जमत तर जाण्याआधी सेविकाताईंना सांगून जा कुठे चाललोय आणि किती दिवस, पोराची नोंद मोबाईलवर असते, त्यावरून पुढच्या ठिकाणच्या अंगणवाडीत नाव घालायला सोपं जातं. लसीचं कार्ड सोबत न्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, आणि तिकडे पोचलात की पहिल्या आठवड्यातच तिथली अंगणवाडी कुठे आहे ते विचारा.